ध्वनिकट्टा : आजोबांची गिरणी, बाईंचा लेख आणि इतर प्रश्न

गेल्या अंकात विचारलं होतं, ‘पॉडकास्ट करायचाय, पण अडलंय कुठे?’ पत्रं आणि मेल भरपूर आले. माइक कोणता घेऊ, हे जवळजवळ प्रत्येकानं विचारलंय. त्याचं उत्तर एकदाच, खाली कुडाळच्या पत्राला दिलंय. माझी सारी नोकरी आकाशवाणीत रूपकं आणि श्रुतिका करण्यात झाली. आता मुलांना तेच शिकवते, फक्त टेपच्या जागी फोन आलाय. उत्तरं त्या अनुभवातली आहेत.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. गावातल्या जुन्या गोष्टींवर मी लेख लिहिले, ते छापूनही आले. तेच फोनवर वाचून रेकॉर्ड केले, तर घरचे म्हणतात, ‘बातम्या लागल्यासारखं वाटतंय.’ आवाज नीट आहे, उच्चार स्वच्छ आहेत. मग बिघडतंय कुठे? — एक शिक्षिका, बार्शी तालुका

बाई, आवाजात काही बिघडलेलं नाही, लेख बदलायला हवा. तुम्ही पाठवलेलं रेकॉर्डिंग मी ऐकलं. पहिलं वाक्य असं आहे : ‘परंपरेने चालत आलेल्या आणि आजही पंचक्रोशीतील शेतकऱ्यांच्या आर्थिक व्यवहारांचे केंद्र असलेल्या आमच्या गावच्या आठवडी बाजाराचे स्वरूप गेल्या काही वर्षांत पालटले आहे.’

कागदावर हे वाक्य चालतं. डोळा मागे जातो, पुन्हा वाचतो, अर्थ लावतो. कानाला ती सोय नाही. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ‘पालटले आहे’ ऐकू येईपर्यंत श्रोत्याला सगळी विशेषणं धरून ठेवावी लागतात. आणि तो काही हातात वही घेऊन बसलेला नसतो. कुणी भाकऱ्या थापत असतं, कुणी एसटीत उभं असतं. तिसऱ्या विशेषणाला त्याचं लक्ष खिडकीबाहेर गेलेलं असतं.

हेच असं सांगून बघा : ‘आमच्या गावचा बाजार सोमवारचा. सकाळी सातलाच ज्वारीची पोती उतरायला लागतात.’ इथे थांबा. पोतं जमिनीवर टाकल्याचा आवाज येऊ द्या, एक, दोन, तीन. मग : ‘पूर्वी हा आवाज दुपारपर्यंत चालायचा. आता नऊ वाजता संपतो.’ बाजार पालटला, हे तुम्ही म्हणालाच नाहीत, तरी ते श्रोत्याला कळलं. का पालटला, हे आता तो तुमच्याकडून ऐकून घेईल. आधी तो ऐकायला तयार नव्हता. वार आणि वेळ मी माझ्या मनानं घातलेत. तुमच्या बाजाराचे खरे काय असतील ते घाला.

लेखाचं बोलणं करायची एक रीत मी मुलांना सांगते. लेख मिटून ठेवायचा. समोर एक माणूस बसवायचा, ज्याला हा विषय ठाऊक नाही. शेजारच्या काकू चालतील, सातवीतला मुलगा उत्तम. त्याला सगळं तोंडी सांगायचं आणि तेच रेकॉर्ड करायचं. मग ते ऐकून जसंच्या तसं उतरवून काढायचं, ‘म्हणजे बघा’ आणि ‘तर झालं काय’ सकट. ही तुमची संहिता. नको ते कापा, चुकलेले संदर्भ दुरुस्त करा, पण वाक्यांची घडण मोडू नका. समोरच्यानं जिथे ‘म्हणजे?’ विचारलं असेल, तिथे तुमच्याकडून काहीतरी सांगायचं राहिलंय, अशी खूण करून ठेवा.

आणखी थोडं. ‘झाले, केले, होते’ बोलताना ‘झालं, केलं, होतं’ होतं, तसंच लिहा, नाहीतर जीभ आपोआप वर्गात उभी राहिल्यासारखी वागते. आकडे कमी ठेवा. ‘सुमारे चारशे’ कानाला पुरतं, ‘चारशे सतरा’ विसरलं जातं. माणसाचं नाव एकदम टाकू नका. आधी तो कोण ते सांगा, मग नाव. ‘बाजारात तीस वर्षं माप करणारे एक गृहस्थ आहेत’ एवढं आलं की कान टवकारतो, आणि मग आलेलं नाव लक्षात राहतं.

मुंबई आकाशवाणीच्या कौटुंबिक श्रुतिकेतले पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी तुमच्या घरातल्या ज्येष्ठांना नक्की आठवत असतील. प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर ही त्यांना आवाज देणारी मंडळी. लोकांना ती आपल्या चाळीतली वाटायची, कारण त्यांच्या तोंडी एकही वाक्य असं नव्हतं जे स्वयंपाकघरात कुणी बोलणार नाही. तुमच्याकडे आवाज आहे, विषय आहे. कान ठेवून एवढं एक काम करा. पुढच्या वेळी घरचे काय म्हणतात ते मला जरूर कळवा.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. १९८२ च्या संपात त्यांचं काम गेलं. त्यांच्यावर चार भागांची मालिका करायची आहे. पण माइक समोर ठेवला की ‘व्हय’, ‘तसंच व्हतं’, ‘काय सांगायचं आता’ एवढंच बोलतात. एरवी जेवताना तासभर बोलतात! शिवाय गिरणी राहिलीच नाही, तिथे टॉवर आहे. आवाज कुठून आणू, ताई? — एक विद्यार्थिनी, डोंबिवली

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. हे काम तू करच, आणि आत्ताच कर. साच्यावर उभी राहिलेली पिढी आता सत्तर-ऐंशीच्या आसपास किंवा पलीकडे आहे.

तू आजोबांना विचारलेले प्रश्न पत्रात दिलेत : ‘संपाबद्दल तुम्हाला काय वाटतं?’ ‘गिरणीचं जीवन कसं होतं?’ अशा प्रश्नांना ते काय उत्तर देणार? १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले, आणि तो संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. हे पुस्तकात आहे. एवढ्या मोठ्या गोष्टीवर ‘काय वाटतं’ विचारलं की कुणीही माणूस गप्प होतो, नाहीतर वर्तमानपत्रातलं वाक्य बोलतो.

छोटं विचार. हाताला, पायाला, पोटाला आठवेल असं. पहिल्या पाळीला घरातून किती वाजता निघायचात? तेव्हा आजी उठलेली असायची का? भोंगा खोलीत ऐकू यायचा? खात्यात शिरल्यावर सगळ्यात आधी कशाला हात लावायचात? धागा तुटला की कसा जोडायचा, मला हातानं दाखवा. हे शेवटचं विसरू नकोस. हात चालायला लागले की तोंड चालतं, आणि दाखवताना माणूस ‘हे असं धरायचं, मग हे इथनं’ असं बोलतो. चित्र दिसत नसतं, म्हणूनच ते बोलणं ऐकायला फार सुंदर लागतं.

एक प्रश्न माझ्यातर्फे विचार : साचे चालू असताना तुम्ही एकमेकांशी बोलायचात कसे? साचेखात्यात कानठळ्या बसायच्या. शेजारच्याला हाक ऐकू जायची नाही. कामगार ओठ वाचायचे, हातांच्या खुणा करायचे. जाबर, म्हणजे मुकादम, येतोय याची खूण कोणती, चहाची कोणती, हे त्यांना आठवेल. ते करून दाखवतील आणि तू ते शब्दांत मांडशील. ज्या खात्यात माणसाचा आवाज ऐकूच जात नव्हता, तिथली गोष्ट तू नुसत्या आवाजातून सांगणार आहेस. तुझ्या मालिकेचा पहिला भाग मला इथे दिसतो, संपात नाही. संप तिसऱ्या भागात आला तरी चालेल. तोवर श्रोत्याला कळलेलं असेल की गेलं ते नेमकं काय होतं.

आणि बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, असताना रोज सकाळी गेटावर उभं राहणं. काम मिळेल की परत फिरावं लागेल, ते ठाऊक नसायचं. परत फिरलात तर दिवस कुठे काढायचात? हाही एक प्रश्न.

आता बसायचं कसं ते. टेबलावर माइक ठेवू नकोस. पेल्याचा, बोटांचा, प्रत्येक ठोका त्यात जातो, आणि त्यांची नजरही तिकडेच राहते. शर्टाच्या दुसऱ्या बटणाजवळ कॉलर माइक लाव, जेवणानंतर तिथेच बसा, आणि पहिली दहा मिनिटं गिरणीचा विषयही काढू नकोस. रेकॉर्डिंग मात्र चालू राहू दे, त्यांना ते सांगून. साचेखात्यात उमेदीची वर्षं घालवलेल्यांना पुष्कळदा कमी ऐकू येतं. ज्या कानानं बरं ऐकतात, त्या बाजूला बस.

ते बोलत असताना तू ‘हो का’, ‘अगंबाई’ म्हणायचं नाही. मान हलव, डोळ्यांनी दाद दे. तुझा ‘हं’ त्यांच्या शब्दावर चढला की नंतर तो सोडवता येत नाही. आणि ते थांबले की लगेच पुढचा प्रश्न टाकू नकोस. मनात पाच आकडे मोज. माझ्या नोकरीत सगळ्यात चांगली वाक्यं मला याच पाच आकड्यांत मिळाली. आधीचं उत्तर लोकांनी अनेकदा दिलेलं असतं, थांबल्यानंतरचं त्यांनी स्वतःशीही कधी म्हटलेलं नसतं.

त्यांचं ‘व्हतं’ सुधारायला जाऊ नकोस. निवेदनात तू तुझी भाषा बोल, ते त्यांची बोलतील. घाटावरून आलेला माणूस गिरणगावात चाळीस वर्षं राहूनही ‘व्हतं’ म्हणतो, ही त्याची सगळी हकिगत एका शब्दात आली.

आवाज कुठून आणायचे? भिवंडी तुला जवळ आहे. तिथे अजून धोट्याचे यंत्रमाग चालतात. मालकाची परवानगी काढ आणि तीन अंतरांवरून रेकॉर्ड कर : गल्लीतून, दारातून, आणि एकाच मागाच्या शेजारी उभं राहून. प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं, न बोलता. आवाजाची पातळी आधी खूप खाली घे, तिथे काटा लगेच लाल होतो. घरी आलीस की ते आजोबांना हेडफोनवर ऐकव, आणि ऐकताना ते जे बोलतील ते रेकॉर्ड कर. ते म्हणतील हे बरोबर आहे, किंवा म्हणतील आमचे साचे असे वाजत नव्हते, आणि मग कसे वाजायचे ते तोंडानं काढून दाखवतील. दोन्हींपैकी काहीही झालं तरी तुला भागाची सुरुवात मिळाली.

एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळ. तो आवाज भिवंडीचा आहे, हे निवेदनात सांग. गिरणीचा म्हणून खपवायचा नाही. आज तू घरच्यासाठी करतेयस, पण वीस वर्षांनी कुणी अभ्यासक तुझी मालिका ऐकेल आणि तो आवाज खरा समजून पुढे नेईल. एक वाक्य पुरतं : ‘आजोबांची गिरणी आता नाही, म्हणून मी भिवंडीला गेले.’ त्या एका वाक्यानं तूही गोष्टीत येतेस, नात म्हणून. मला तर ते जास्तच आवडेल.

भाग चार की सहा, आत्ता ठरवू नकोस. सगळं रेकॉर्डिंग आधी पूर्ण ऐक आणि वहीत नोंद कर : मिनिट, सेकंद, काय बोलले, आवाज कसा होता. ‘१४:२० जाबरशी भांडण, हसत.’ ‘३१:०५ आजीचे दागिने, थांबले.’ आम्ही उहेर कंपनीच्या, खांद्याला अडकवायच्या टेप रेकॉर्डरवर ध्वनिमुद्रण करून आणायचो आणि स्टुडिओत स्पूलची टेप ब्लेडनं कापून जोडायचो. कापलेली फीत खाली पडली की ती शोधून पुन्हा चिकटवणं जिकिरीचं असायचं, म्हणून कापायच्या आधी सगळं ऐकून कागदावर उतरवलेलं असायचं. आता एका कळीनं कापलेलं परत येतं, त्यामुळे मुलं ऐकायच्या आधीच कापायला बसतात. तू वही कर.

आणि प्रसिद्ध करायच्या आधी आजोबांना सगळं ऐकव. ज्या भागाला ते नको म्हणतील, तो काढ. युनियनमधली, शेजारपाजारची नावं असतील, देण्याघेण्याच्या गोष्टी असतील. नातीला सांगितलेलं सगळं जगाला सांगायचं नसतं.

पाच हजारांत काय येईल? घर रस्त्याला लागून, वर पत्रे. पंखा, कुत्री, पाऊस, सगळंच आत येतं. — एक वाचक, कुडाळ

पाचही नकोत. तुमच्याकडचा फोन आणि त्याला वायरचा कॉलर माइक. साधा हजार-दीड हजारात येतो. फोनला जोडणी कुठली लागते ते तेवढं बघून घ्या. उरलेले पैसे बंद, कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनला घाला. माइकपेक्षा हेडफोन महत्त्वाचे, असं मी सांगते तेव्हा मुलांना पटत नाही. पण रेकॉर्ड होताना तुम्हाला जे ऐकू येत नाही, ते तुम्ही सुधारणार कसं?

स्टुडिओतले महागडे कंडेन्सर माइक तुमच्या घरात घेऊच नका. ते फार संवेदनशील असतात, रस्त्यावरची रिक्षाही टिपतात. पुढे पैसे जमले तर डायनॅमिक माइक घ्या, तो तोंडाजवळचंच प्रामुख्यानं ऐकतो.

अंतर वीतभर. अंतर दुप्पट केलंत की तुमचा आवाज सहा डेसिबलनं खाली येतो, पण खोलीचा आवाज तेवढाच राहतो, म्हणजे पंखा वर येतो. माइक थेट तोंडासमोर नको, ओठांच्या कोपऱ्याच्या रेषेत, थोडा बाजूला. आपल्या भाषेत फ, भ, ख, ठ अशी श्वास सोडणारी अक्षरं भरपूर आहेत, समोर धरलात तर ‘फक्त’ आणि ‘भाकरी’ला माइक फुटतो. तळहात तोंडासमोर धरून ‘फणस, भात, पापड’ म्हणा. जिथे हाताला वारा लागत नाही, तिथे माइक.

खोली लहान आणि कपड्यालत्त्यानं भरलेली निवडा. कपाटाची दारं उघडून त्याच्याकडे तोंड करून बसा, मागे दोरीवर गोधड्या टाका. रिकामा हॉल मोठा आणि छान दिसतो, पण भिंतींवरून आवाज परत येतो आणि तो नंतर कुठल्याच सॉफ्टवेअरनं धड जात नाही. पंखा बंद, फ्रीज बंद (परत चालू करायचा गजर लावून ठेवा), फोन विमान मोडवर. रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्ये, ४८ किलोहर्ट्झ. आवाजाचा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास नाचू द्या. शून्याला टेकला की आवाज फाटला, तो शिवता येत नाही.

बोलून झालं की उठू नका. एक मिनिट गप्प बसून नुसत्या खोलीचा आवाज घ्या. दोन वाक्यांच्या मधला खोकला कापलात की तिथे पोकळी पडते, ती या शांततेनं भरायची. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, म्हणून त्याच दिवशीची, त्याच खोलीतली.

कापायला संगणकावर ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर घ्या. २००० सालापासून आहे, फुकट आहे. त्यातलं आवाज साफ करायचं साधन हलक्या हातानं वापरा. जास्त घासलंत तर माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. शेवटी एकूण पातळी उणे १६ एलयूएफएसला (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं हे माप) आणा, पॉडकास्टच्या अॅपना साधारण ती मानवते.

आणि पत्र्यावरचा पाऊस! तुम्ही त्याला अडचण म्हणता. कुडाळचा आषाढ पत्र्यावर वाजतोय, तो वेगळा पाच मिनिटं रेकॉर्ड करून ठेवा. बोलणं उघडीप असताना करा. पाऊस हवा तिथे खाली घाला, तुमच्या अटीवर.

बहिणाबाईंच्या कविता वाचून त्यावर बोलायचं आहे. पार्श्वभूमीला एखाद्या सिनेमाच्या गाण्याचं संगीत. तीस सेकंदांपर्यंत चालतं म्हणतात ना? — एक वाचक, जळगाव

तीस सेकंदांचा असा कुठलाही नियम आपल्या कायद्यात नाही. कुणीतरी सांगितलेलं पुढे चालत आलंय. सिनेमाचं संगीत परवानगीशिवाय घेऊ नका, मग ते दहा सेकंद असो.

बहिणाबाईंचं मात्र जमेल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि संग्रह १९५२ मध्ये, त्यांच्या पश्चात आला. मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या साहित्याची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात, म्हणजे तो हक्क २०१२ अखेर संपला. त्या पहिल्या संग्रहातल्या कविता तुम्ही वाचू शकता. नव्या आवृत्त्यांतल्या प्रस्तावना आणि टिपा मात्र ज्यांनी लिहिल्या त्यांच्या, आणि कुणी गायलेलं ध्वनिमुद्रण त्या-त्या कंपनीचं.

आणि खरं विचाराल तर तिथे संगीत कशाला हवं? खानदेशातल्या एखाद्या आजींकडून, ज्यांच्या घरात हीच बोली आहे, त्या ओळी म्हणवून घ्या. खाली काही नको.

पूर्ण अंध आहे, संगणक एनव्हीडीए या पडदावाचकावर, म्हणजे पडद्यावरचं बोलून सांगणाऱ्या सॉफ्टवेअरवर वापरतो. संपादन मला जमेल का? ऑडॅसिटीत लाटा बघून कापतात म्हणे. — एक वाचक, लातूर

जमेल, आणि लाटा न बघता कापणं हेच खरं कापणं. आम्ही टेप हातानं पुढे-मागे फिरवून, शब्द कुठे सुरू होतो ते कानानंच पकडायचो. पडद्यावरची लाट आवाज मोठा की लहान एवढंच सांगते. श्वास कुठे घेतला, वाक्य पडलं की टांगलं, ते कानच सांगतो.

ऑडॅसिटी कीबोर्डनं चालवता येते, पण तुम्ही रीपर हे संपादनाचं दुसरं सॉफ्टवेअर बघा. त्याला ओसारा नावाची फुकट जोड आहे. ती खास पडदावाचक वापरणाऱ्यांसाठीच बनवलीय आणि एनव्हीडीएबरोबर नीट चालते. कर्सर कुठल्या मिनिटावर आहे, कुठला ट्रॅक, काय निवडलं, सगळं बोलून सांगते. रीपर काही दिवस मोफत वापरून बघता येतं, मग परवाना घ्यावा लागतो. सुरुवातीला चारच गोष्टी बोटात बसवा : चालू-बंद, तुकडा पाडणे, पुसणे, मागे फिरवणे. पडदावाचकाचा आवाज एका कानात आणि कार्यक्रम दुसऱ्या कानात अशी सोय करता आली तर काम सोपं होतं. लातुरात आणखी कुणी हे शिकणारं असेल तर दोघं मिळून बसा, शॉर्टकट लवकर पाठ होतात.

मी मेलबर्नला, आई साताऱ्याला. तिच्या माहेरच्या गोष्टी दर रविवारी व्हिडिओ कॉलवर रेकॉर्ड करते, पण आवाज तुटका येतो. — एक वाचक

कॉलचा आवाज रेकॉर्ड करू नका. कॉल फक्त बोलण्यापुरता. आईच्या शेजारी दुसरा फोन ठेवायला सांगा, त्यातलं साधं रेकॉर्डर अॅप चालू. तुम्हीही तुमच्या बाजूला तसंच करा. आईंनी तुमचं बोलणं इअरफोनवर ऐकावं, म्हणजे तुमचा आवाज त्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये शिरणार नाही. सुरुवातीला दोघींनी एक-दोन-तीन म्हणून एकदम टाळी वाजवायची. नंतर दोन फाइली शेजारी ठेवून त्या टाळीवर जुळवायच्या. कॉलच्या विलंबामुळे थोडा फरक राहील, तो हातानं सरकवा. फाइल मेलनं किंवा ड्राइव्हवर मागवा. व्हॉट्सअॅपवर आवाजाचा संदेश म्हणून आली तर ती दाबून बारीक झालेली असते.

एक भाग किती मिनिटांचा असावा? — पुण्याहून बरेच जण

गोष्ट संपेल तेवढा. मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द बोलले जातात, त्यावरून संहितेचा अंदाज घ्या. नवीन असाल तर बारा मिनिटं करून बघा.

सगळं तयार आहे. आता टाकायचं कुठे, आणि मूळ फाइली डिलीट करू का? फोन भरलाय. — एक वाचक, निफाड

डिलीट अजिबात करू नका, आधी हे वाचा.

टाकायचं असं : पॉडकास्ट ठेवणारी एखादी सेवा निवडा, काही फुकट आहेत. तिथे एमपी३ फाइल, भागाचं नाव, दोन ओळींचं वर्णन आणि एक चौरस चित्र चढवायचं, ३००० बाय ३००० पिक्सेल. ती सेवा तुमची आरएसएस फीड, म्हणजे नवा भाग आला की अॅपना कळवणारी यादी, तयार करते, आणि तीच फीड तुम्ही वेगवेगळ्या अॅपना एकदा देता. पुढचे भाग आपोआप सगळीकडे जातात. कुठल्याही एका अॅपवर विसंबू नका. गूगलचं पॉडकास्ट अॅप २०२४ मध्ये बंद झालं, पण ज्यांची फीड स्वतःची होती त्यांचे कार्यक्रम इतरत्र चालूच राहिले.

आता मूळ फाइली. एमपी३ ही फक्त ऐकण्यासाठी. तुमच्या द्राक्षबागायतदारांच्या मुलाखतींच्या वेव्ह फाइली म्हणजे खरा ऐवज. त्या दोन ठिकाणी ठेवा, एक घरातल्या हार्ड डिस्कवर आणि दुसरी घराबाहेर, इंटरनेटवरच्या क्लाउडवर किंवा भावाकडे. फाइलचं नाव ‘नवीन रेकॉर्डिंग ७’ नको : तारीख, गाव, बोलणाऱ्याचं नाव, विषय. सोबत एक साधा मजकूर ठेवा, त्यात बोलणाऱ्यानं परवानगी कशाकशासाठी दिली तेही.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आज त्या ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर वाचता येतात, काही ऐकताही येतात, आणि ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं आणि गावाचं नाव मिळतं. ती नोंद त्या वेळी कुणीतरी नेटानं केली, म्हणून नातवंडांना आपल्या आजीची ओवी शोधता येते. तुम्हीही आज रात्रीच फायलींना नावं द्या, मग फोन रिकामा करा.